झऱ्यावरची हाळी

आमच्या पाड्याचा झरा केवढा, तर नागली पाखडायच्या सुपाएवढा. उंबराच्या मुळीखाली दगडात एक खड्डा, त्यात खालून पानी यायचं. पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याला एवढं पानी पडतं की वाटा वाहून जातात, पन होळी झाली की ते सगळं कुठं जातं ते देवाला माहीत. मग उरतो हा खड्डा. भरायचा, पन हळू. एकीने मडकं भरलं की दुसरीने खड्ड्यात बघत बसायचं. दुधी भोपळ्याची एक पळी असायची, डवला बोलतो आम्ही, त्याने खरवडून खरवडून पानी काढायचं. दुपारच्या उन्हात झरा बसूनच जायचा. सकाळी लवकर आनि दिवस कलला की चढायचा. म्हनून आमच्या बायकांच्या दोन वेळा ठरलेल्या.

दिवस बुडाला की झरा आमचा नाय. तेव्हा तो रानातल्यांचा. भेकर, डुक्कर, सांबर आनि तो मोठा. त्याचं नाव आम्ही रानात घेत नाय, इथं घरात बसून सांगते म्हनून वाघ बोलते. शेवटची बाई निघताना खड्ड्यात पडलेला पाला काढायची, डवला उंबराला पालथा अडकवायची आनि बोलायची, "आता तुझी पाळी." हे माझ्या सासूला तिच्या सासूने सांगितलं, तिला तिच्या सासूने.

तशीच हाळीची रीत. झऱ्याच्या वाटेला एक वळन आहे. तिथून झरा दिसत नाय, पन आवाज पोचतो. तिथं उभं राहून ओरडायचं, "येते गं, पानी आहे का?" झऱ्यावर कुनी मानूस असलं तर त्याने ओ द्यायची. द्यायचीच. भांडन असलं, बोलचाल तुटलेली असली तरी ओ द्यायची. ओ आली की खाली चालू पडायचं. ओ नाय आली तर तिथं मानूस नाय, आनि दुसरं कुनी असेल तर त्याने आपला आवाज ऐकला आहे, त्याला निघून जायला वेळ द्यायचा. डोक्यावरची चुंबळ काढायची, फडकं पुरतं सोडायचं, पुन्हा वळायचं, पुन्हा डोक्यावर ठेवायचं. तेवढा वेळ. मग उतरायचं. या रीतीने आमच्या किती पिढ्या पानी प्यायल्या, झऱ्यावर कुनाला जनावराने धरलं नाय.

हे आधी सांगून ठेवलं, कारन माझा राग त्या 'ओ'वर आहे. म्हातारी झाले, दात गेले, राग नाय गेला.

जव्हारच्या राजाचं राज गेलं आनि सरकारचं आलं, हे आम्हाला कुनी येऊन सांगितलं नाय. रानाच्या गार्डच्या टोपीवरचा बिल्ला बदलला तेव्हा कळलं. बिल्ला नवा, गार्ड तोच. कोंबडी मागायची पद्धत तीच.

त्याच्यानंतर मी लगीन होऊन या पाड्यात आले. पाड्याच्या वरच्या उतारावर माझ्या सासऱ्याची नागली होती. जामसरकडच्या लोकांसारखी भाताची खाचरं आम्हाला नाय. आमचा उतार, त्यावर नागली, तुम्ही नाचनी बोलता ती, थोडी वरई, त्यावर वर्ष काढायचं. नवं सरकार बोललं, हा उतार रानाचा आहे, इथं साग लावायचा. आनि लावनार कोन, तर तुम्हीच. ओळी पाडा, खड्डे काढा, रोपं लावा, दोन ओळींच्या मधे तुमची नागली करा. साग मोठा झाला की पुढचं बघू. 'बघू' म्हंजे काय ते तेव्हा आम्हाला कळत नव्हतं.

ते खड्डे मी माझ्या हाताने काढले आहेत. माझं पहिलं पोर पोटातच गेलं ते त्याच सालात, पन ते असू दे.

साग लागला, वाढला, मानसाच्या डोक्याच्या वर गेला. झरा त्या लावनीच्या आत गेला. आमचाच झरा, पन आता तिथं जायचं तर गार्डच्या तोंडाकडं बघून जायचं. तरी जात होतो. बायकांना पान्यापासून कोन अडवील, असं वाटायचं.

मग एका चैतात माझी ननंद पहिल्या बाळंतपनाला माहेरी आली. चांगली, हसरी पोर. मला वयनी वयनी करत मागं फिरायची. तिला मुलगी झाली. बाळंतपन जड गेलं, दुसऱ्या दिवशी अंगात ताप भरला. सुईन बोलली, हिला पेज द्या, ऊन पानी द्या, सारखं द्या, पान्याने ताप उतरेल आनि दूध येईल. एवढंच औषध होतं. जव्हारच्या दवाखान्याला तिला झोळीत घालून न्यायचं तर ती वाटेतच गेली असती.

आनि त्याच दिवशी गार्ड सांगत आला, पाव्हने येनार आहेत. शहरातली मंडळी, बाया-बाप्ये मिळून मोठा तांडा, सागाची लावनी बघायला आनि रान बघायला. वाघ बघायला.

"कशाला बघायचा?" माझ्या सासूने विचारलं.

"हौस," गार्ड बोलला.

"त्याच्याकडं काही काम आहे का?"

"अगे म्हातारे, नुसता बघायचा. लोक लांबून मोटारीने येतात बघायला."

"मग त्याला सांगितलंय का, येतात म्हनून?"

आम्ही बायका हसलो. तो हसला नाय. त्याने कामं वाटली. बाप्यांनी झऱ्याजवळच्या मोठ्या झाडावर माळा बांधायचा. शेताची राखन करायला बांधतो तसा, पन खूप मोठा. ते त्याला मचाण बोलत होते. माझ्या नवऱ्याने वाटाड्या व्हायचं, कारन जनावराचा माग त्याच्याएवढा कुनाला कळत नव्हता. आनि बायकांनी रान झाडायचं.

हो, रान झाडायचं. सागाच्या ओळींमधला वाळला पाला झाडून वाट साफ करायची, म्हंजे पाव्हन्यांच्या पायाखाली वाजनार नाय. खराटे घेऊन आम्ही बायका ओळीने रान झाडत होतो. माझी शेजारीन बोलली, "आता झाडांना आंघोळपन घालूया का?" मी बोलले, "पानी कुठं आहे? आधी ते बघ."

ते आले. आंब्याखाली त्यांचे तंबू लागले. कुनी मराठी बोलत होते, कुनी गुजराती, कुनी इंग्रजी. त्यांचा एक म्होरक्या होता, गोल टोपीवाला, हातात काठी. तो पुढं चालायचा आनि काठीने दाखवायचा, बाकीचे बघायचे. हे बांबू, हा मोह, हा साग.

"ही सगळी लागवड सरकारने केलेली आहे," तो बोलला. "आधी इथे नुसता उघडा डोंगर होता."

माझी सासू तिथंच लाकडं बांधत होती. तिने मान वर केली. "बाबा, सरकारचे हात कसे असतात? मला एकदा दाखव. हे रोप आनि रोप आम्ही लावलंय, आनि उघडा डोंगर बोलतोस तिथं माझ्या नवऱ्याची नागली होती."

आमच्यात देवालापन तू बोलतात, राजालापन तू. ते ऐकून त्यांच्यातली एक बाई तोंडावर रुमाल धरून हसली. बोलली, "किती गोड बोलतात हे लोक." काय बोलली म्हातारी, ते कुनी ऐकलं नाय.

मग ते पाडा बघायला आले. घरात वाकून बघायचे. आमच्या दारात सासू आडवी उभी राहिली. आत बाळंतीन होती, पाचवी पुजली नव्हती, परक्याची सावली चालत नाय. चष्मेवाली एक बाई बोलली, "आम्ही काही करणार नाही, फक्त बाळ बघू." सासू बोलली, "वाघ बघ, लावनी बघ, बाळ नाय बघायचं." ती बाई नाराज झाली. गार्डने डोळे वटारले.

संध्याकाळी मी मडकं घेऊन निघाले तर सागाच्या लावनीच्या तोंडाशी गार्ड उभा.

"आजपासून दुपार टळली की झऱ्यावर कुनी जायचं नाय. मानसाचा वास राहतो, जनावर येत नाय. आनि ती तुमची ओरड बंद."

"मग पानी?"

"सकाळी घ्या."

"घरात बाळंतीन आहे."

"ते पाव्हने दोन दिवस आहेत, कायमचे नाय. दोन दिवसांत मरत नाय कोन."

मी परत आले. तेव्हाही परत यायला नको होतं.

सकाळी अंधार फिटता फिटता आम्ही बायका झऱ्यावर गेलो तर तिथं आमच्या आधी कॅम्पाचे नोकर. पिंपं घेऊन आलेले. त्यांनी खड्डा तळापर्यंत खरवडलेला. कशाला, तर आंघोळीला. त्यांच्याकडं कापडाचं एक घमेलं होतं, मानूस आत बसेल एवढं, त्यात ते पाय पसरून आंघोळ करायचे. उरलं होतं ते पानी नव्हतं, चिखल होता. रात्रीत जनावरं एवढी आली होती की खड्ड्याचा काठ तुडवून टाकलेला. एवढी का आली, ते मग दिसलं. झऱ्याच्या कडेला चिखलावर खडे मीठ ओतलेलं. पोतंभर. जनावर मीठ चाटायला येतं, मग पाव्हन्यांना दिसतं.

आमच्या घरात मीठ संपलं की शेजारनीकडून चिमूट आनायचं आनि बाजारानंतर चिमूट परत करायचं. ते मीठ चिखलात. एक पोर वाकून उचलायला गेली, तिच्या आईने तिच्या हातावर मारलं. "ते जनावरांचं आहे," ती बोलली.

आम्ही तळाचा चिखल फडक्यातून गाळून घेतला. माझ्या वाट्याला मडक्याच्या तळाला आलं तेवढं. बाकीच्या बायकांनी थोडं थोडं माझ्या मडक्यात ओतलं, बाळंतिनीसाठी. त्यांच्यापन घरी पोरं होती, तरी ओतलं. दुपारी मी दरीत उतरून नदीला गेले. चैतात नदी म्हंजे एक डोह, त्यात म्हशी बसलेल्या, वर हिरवी साय. ते पानी आनून उकळलं, गाळलं. ननंदेने एक घोट घेतला आनि ओकली.

तिचे ओठ फुटले होते. पोरगी छातीला लागायची, ओढायची, काही मिळायचं नाय की रडायची. मग रडायचीपन थांबली. ती थांबली तेव्हा माझी सासू माझ्याकडं बघायला लागली.

"दिवस कलला," ती बोलली. "आता झरा चढला असेल."

"गार्डने अडवलंय."

"वरच्या अंगाने जा, बांबूतून. वळनावर निघशील. आपला पोरगा आहे ना तिथं, त्या माळ्यावर? हाळी दे. तो ओ देईल."

मीपन तेच मनात धरून निघाले. झऱ्यावर माझा नवरा आहे. दुसरं कुनी असतं तर मी घाबरले असते.

बांबूतून उतरून वळनावर आले. ऊन झाडांच्या शेंड्यावर होतं, खाली उजेड होता, पन मऊ झालेला. पाला झाडलेला, त्यामुळं माझ्या पायांचा आवाज नाय. कुठं पाखरू बोलत नव्हतं. मी उभी राहिले आनि हाळी दिली, रोज देते तशी. "येते गं, पानी आहे का?"

ओ नाय आली.

मला वाटलं, ऐकलं नसेल. पन तिथून पाखराने पंख झटकले तरी ऐकू येतं, मला माहीत होतं. मग वाटलं, कंटाळून तंबूत गेले असतील सगळे. ते असते तर त्याने ओ दिली असती. हेच पक्कं केलं मनात. मी चुंबळ काढली, सोडली, वळली, डोक्यावर ठेवली. तेवढा वेळ दिला. आनि उतरले.

तो झऱ्याच्या पलीकडच्या काठावर होता. बसलेला नव्हता, उभा. मिठाच्या चिखलाकडं तोंड करून. हाळी ऐकून तो निघून जायला हवा होता. कायम जातो. पन मिठावर भेकरं-सांबरं यायला लागली होती, त्याला तिथं थांबायला कारन दिलं होतं मानसांनी. त्याच्या वेळेच्या आधी तो आला, कारन मीठ त्याच्या वेळेच्या आधी टाकलं होतं. चूक त्याची नाय.

त्याने माझ्याकडं बघितलं. मी मडकं डोक्यावर दोन्ही हातांनी धरलेलं, ते तसंच राहिलं. काय वाटलं ते विचारतात लोक. काही नाय वाटलं. ननंदेचे ओठ दिसत होते डोळ्यांपुढं. मी हळू बोलले, "बाबा, अजून दिवस आहे. माझी पाळी आहे." माझा आवाज फुटला का नाय तेपन माहीत नाय.

तो वळला. घाईने नाय. शेपटी एकदा हलली आनि करवंदीच्या जाळीत गेला.

मी मडकं उतरवून खाली बसले. आनि वरून टाळ्या वाजल्या.

टाळ्या. झाडावरून. वर बघितलं तर माळा भरलेला. बाया, बाप्ये, तो टोपीवाला, दुर्बिनी गळ्यात घातलेले, गार्ड, आनि अगदी कडेला, पाय खाली सोडून, माझा नवरा. सगळे बघत होते. मी वळनावर हाळी दिली तेव्हापासून बघत होते, एवढ्या उंचावरून वळनपन दिसतं.

"अप्रतिम," कुनीतरी बोललं. रुमालवाली बाई रडत होती. "माझं काळीज थांबलं होतं हो."

ते सगळे शिडीने उतरायला लागले. मी खड्ड्याकडं वळले. पानी चढलं होतं. त्या पान्यात त्यांच्या सोड्याच्या बाटल्या उभ्या करून ठेवल्या होत्या, गार व्हायला. मी एकेक बाटली काढून चिखलात ठेवली आनि डवल्याने पानी भरायला लागले. घाईत पानी बाहेर सांडत होतं, त्याचा मला जास्त राग आला.

एक बाप्या तीन पायांवर ठेवायचा मोठा कॅमेरा घेऊन माझ्यापुढं आला. चालती तसबीर काढायचा. चांगल्या आवाजात बोलला, वाईट मानूस नव्हता. "बाई, मघाशी सगळं इतकं पटकन झालं, माझी फिल्म सुरू झालीच नाही. असं करता का, ते मडकं झऱ्यात परत ओता आणि वरून पुन्हा या. तशीच हाक मारत. उजेड आहे अजून थोडा."

मला आधी कळलंच नाय तो काय बोलतो. "हे पानी आहे," मी बोलले.

"हो, पाणीच ना? परत भरा की."

"बाबा, तू कधी झऱ्यातून पानी भरलंयस का?"

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते. टोपीवाला बोलला, "वाघाला घाबरली नाही, कॅमेऱ्याला घाबरते." सगळे हसले. चष्मेवाली बाई बोलली, "द्या हो ओतून, दोन मिनिटांचं काम आहे."

मग माझा नवरा पुढं आला. मला वाटलं, आता बोलेल. तो बोलला, "ओत गं. सायब सांगतोय."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. लगीन झाल्यापासून एवढं सरळ बघितलं नव्हतं. "घरात तुझी बहीन आहे," मी बोलले. मडकं डोक्यावर घेतलं आनि वळनाकडं चालायला लागले. मागं गार्ड ओरडत होता, उद्या तुमच्या पाड्याचं बघतो, नागलीचं बघतो. आनि मागून कॅमेऱ्याचं चाक फिरल्याचा किरकिर आवाज येत होता. माझी पाठ तरी घेतली असेल त्याने.

घरी सासूने पानी उकळलं. ननंद घोट घोट प्यायली, ओकली नाय. पुन्हा प्यायली. मडकं संपेपर्यंत आम्ही तिला पाजत राहिलो, आम्हाला थेंब ठेवला नाय. नंतर पोरगी छातीला लागली, आनि थोड्या वेळाने चोखल्याचा आवाज यायला लागला. सासू तो आवाज ऐकत भिंतीला टेकून बसली. मग तिने विचारलं, "ओ दिली ना त्याने?"

मी बोलले, "पोरगी पितेय, तिकडं बघ."

म्हातारी समजली. तिने चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

नवरा आला तेव्हा चूल विझली होती. तो दारात बसला, आत आला नाय. पायाचा चिखल खरवडला. मग बोलला, "मी ओ दिली असती तर तू लगेच उतरली असतीस. तो खालीच होता. गप्प राहिलो म्हनून तू चुंबळ वळत थांबलीस. रीत आहे ती."

हे त्याने वाटेत जुळवलं होतं. ऐकायला बरोबर होतं. म्हनूनच माझं डोकं फिरलं.

"थांब बोलता आलं असतं," मी बोलले. "ओ नको. 'थांब' बोल. 'वर जा' बोल. माझं नाव घे. तोंड तुझं बांधलं होतं का?"

तो खाली बघून उंबऱ्याची माती नखाने उकरायला लागला.

"आनि तो गेल्यावर? तेव्हापन रीत होती? मडकं ओत बोललास ती कुनाची रीत?"

तेव्हा त्याने खरं सांगितलं. गार्डने माळ्यावर चढायच्या आधी सांगून ठेवलं होतं, आवाज झाला आनि पाव्हने नाराज झाले तर पाऊस पडल्यावर सागाच्या ओळीत तुझी नागली नाय. दुसऱ्याला देईन ओळी. "नागली गेली तर खायचं काय?" तो बोलला. "तू सांग."

"खायला मी असते का?"

सासू आतून बोलली, "पोरी, हळू. ती झोपलीय." मग आम्ही हळू भांडलो. हळू भांडलेलं जास्त लागतं. तो बोलला, मी सगळ्या घरासाठी गप्प बसलो. मी बोलले, त्या घरात मी नव्हते का. तो बोलला, वाघ आपल्या बाईला काही करत नाय, मला माहीत होतं. मी बोलले, तुला माहीत होतं, मग मला सांगायचं.

नागलीचं काय झालं तेपन सांगते, म्हंजे हिशेब पुरा होईल. पाऊस आला तेव्हा गार्डने आम्हाला ओळी दिल्या नाय. दुसऱ्यालापन दिल्या नाय. साग मोठा झाला, आता सावली पडते, मधे पीक घ्यायचं नाय, असं वरून आलं. आवाज झाला म्हनून नाय, पाव्हने नाराज झाले म्हनूनपन नाय. आमच्या हाळीचा, त्याच्या गप्प राहन्याचा कुनी विचारपन केला नव्हता. ते आधीच ठरलं असेल कुठंतरी. 'बघू' बोलले होते, त्यांनी बघितलं. आम्ही त्या साली मोहाची फुलं आनि कंद खाऊन राहिलो, मग लाकडाच्या कामाला लांब गेलो. ज्याच्यासाठी तो गप्प बसला ते तसंही जानारच होतं, हे त्याला आयुष्यभर टोचलं. मला त्याची दया यायची कधी कधी. राग दयेने जात नाय.

ननंद वाचली. तिची पोरगी आता आजी आहे, मोखाड्याला असते.

पाव्हने दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. जाताना रुमालवाली बाई पाड्यात आली आनि माझ्या हातात बिस्किटांचा डबा ठेवून बोलली, "तुम्हाला आम्ही कधी विसरणार नाही." नसेल विसरली. घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं असेल, एक बाई बघितली, एक वाघ बघितला. डबा सासूने मीठ ठेवायला घेतला.

माळा तसाच राहिला झाडावर. मीठ चिखलात विरघळून गेलं, पानी थोडे दिवस खारट लागलं.

ते गेले त्या संध्याकाळी मी मडकं घेऊन निघाले. या वेळी सरळ वाटेने, गार्ड नव्हता. वळनावर आले आनि हाळी दिली. "येते गं, पानी आहे का?"

खालून ओ आली. बाप्याचा आवाज. आमच्यात बाप्ये पान्याला जात नाय, लोक हसतात. माझा नवरा गेला होता. चिखल काढून, खड्डा धुऊन, काठाला दगड लावत बसला असनार, दुपारपासून घरात नव्हता.

मी चुंबळ काढली. फडकं पुरतं सोडलं. त्याने पुन्हा ओ दिली, मोठ्याने, आनि मग माझं नाव घेऊन पुन्हा एकदा. मी फडकं वळलं, डोक्यावर ठेवलं, त्यावर मडकं ठेवलं. झऱ्यावर कुनी नसलं की जेवढं थांबायचं असतं तेवढी थांबले, आनि मग उतरले.